ती रडते, तो चिडतो

प्रश्न : मुलगी लातूरला राहून दुसऱ्यांदा नीटची तयारी करतेय. तिचं सारखं डोकं-पोट दुखतं, फोनवर रडते, दोन महिने पाळी आली नाही. धाकटा अकरावीत, घरीच असतो. त्याला टेन्शन असं नाहीच. नुसता चिडतो, रात्री दोनपर्यंत मोबाइल बघतो. परवा खिशात गुटख्याची पुडी सापडली. मुलीला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं का? – एक आई, औसा तालुका

उत्तर : ताई, दोघांनाही न्या. मुलीचा त्रास तुम्हाला दिसला, कारण ती रडते. मुलाचा मात्र ‘वाईट वळण’ म्हणून सुटून जातोय, आणि आम्हाला त्याचीच जास्त काळजी वाटते. या वयात उदासी पुष्कळदा चिडचिडीतूनच बाहेर पडते. ‘पोरगा असून रडतोस?’ हे लहानपणापासून ऐकलेला मुलगा तर रडण्याऐवजी दार आपटतो, जेवण टाकतो, तंबाखूला हात घालतो. गुटख्याने घटकाभर बरं वाटतं. निकोटिन उतरलं की बेचैनी वाढते, मग पुन्हा पुडी.

वयात आल्यावर नैराश्य मुलींमध्ये साधारण दुप्पट आढळतं. पण आपल्या देशात आत्महत्येने जाणाऱ्यांत पुरुष बायकांच्या दुपटीहून जास्त आहेत. मदत मागायला पुरुष उशीर करतात, हे त्यामागचं एक कारण.

मुलीची पाळी ताणाने, जागरणाने, जेवण तुटल्याने लांबू शकते, तरी ताणावर ढकलून मोकळं होऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर थकवा त्यानेही येतो. तपासताना डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या.

मुलाला समोर बसवून उलटतपासणी घेऊ नका. शेताकडे जाताना, गाडीवर मागे बसून विचारा : ‘झोप का येईना? कशाची धास्ती वाटते?’ उत्तर आलं नाही तर गप्प राहा, दोन दिवसांनी पुन्हा विचारा. ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?’ हेही दोघांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीचं औषध आजच कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फोन चोवीस तास मोफत असतो, मराठीतही बोलता येतं. मुलाने मरणाची भाषा काढली तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका. त्याला एकटं न सोडता थेट अपघात विभागात न्या.