युरोपातल्या एखाद्या छोट्या संस्थानावर बाईने राज्य केलं आहे का? तिचं आयुष्य कसं होतं?

हो, केलं आहे. अशा बायका एकीपेक्षा जास्त होऊन गेल्या, पण मला तुम्हाला एकीबद्दलच सांगायचंय. वायव्य जर्मनीतल्या लिप्पे संस्थानची पाउलीना. मी गेली नऊ वर्षं पाळणाघर चालवते, आणि तिचं नाव मला त्या कामामुळेच कळलं.

लिप्पे म्हणजे जेमतेम बाराशे चौरस किलोमीटरचा मुलूख, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा. वस्ती सत्तर हजारांच्या आसपास, राजधानी डेटमोल्ड. पाउलीना तिथे सून म्हणून आली. तिचं माहेर आनहाल्ट-बेर्नबुर्ग या दुसऱ्या जर्मन संस्थानातलं. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन याच आनहाल्ट घराण्याच्या दुसऱ्या शाखेतली. पाउलीनाचा जन्म २३ फेब्रुवारी १७६९ चा. ती आठवड्याभराची असतानाच आई गोवरानं गेली. वडिलांनी तिला स्वतः शिकवलं आणि तेराव्या वर्षापासून कारभारात घेतलं. दरबाराचा फ्रेंच पत्रव्यवहार ही मुलगी सांभाळायची. पुढे राज्य चालवायची वेळ आली तेव्हा ती अजिबात नवखी नव्हती, ते या तालमीमुळे.

१७९६ साली लिप्पेच्या लेओपोल्डशी तिचं लग्न झालं. त्याला आधी मानसिक आजार झाला होता आणि त्यामुळे काही वर्षं कारभार त्याच्या हातून काढून घेतलेला होता. दोन मुलं झाली, आणि एप्रिल १८०२ मध्ये तो वारला. थोरला मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. अज्ञान मुलाच्या वतीनं पाउलीनानं कारभार हाती घेतला आणि पुढची अठरा वर्षं चालवला.

आणि त्याच वर्षी, १८०२ च्या उन्हाळ्यात, तिनं डेटमोल्डमध्ये लहान मुलांना सांभाळणारी संस्था सुरू केली. माझ्या दृष्टीनं तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही. पॅरिसमधल्या काही स्त्रिया मजुरी करणाऱ्या आयांची मुलं सांभाळतात, असं तिच्या वाचनात आलं होतं. तिनं एक टिपण लिहिलं, ‘पॅरिसची एक फॅशन डेटमोल्डमध्ये रुजवण्याचा प्रस्ताव’, आणि गावातल्या सुस्थितीतल्या बायकांना देखरेखीसाठी पुढे यायला सांगितलं, तेही बिनमोबदला. अंगावरचं दूध सुटलेल्या मुलापासून चार-पाच वर्षांच्या मुलापर्यंत सगळ्यांना प्रवेश. सांभाळायला उद्योगशाळेतल्या आणि अनाथालयातल्या मोठ्या मुली, म्हणजे त्यांनाही मूल सांभाळण्याचं शिक्षण आपोआप मिळत होतं.

वेळापत्रक वाचलं तेव्हा मी थांबलेच. २४ जून ते ऑक्टोबरअखेर, सकाळी सहा ते रात्री आठ. म्हणजे शेतीचा आणि बागकामाचा हंगाम, आणि बाई कामावर निघाल्यापासून परत येईपर्यंतचा पूर्ण दिवस. वेळ आईच्या कामावरून ठरवली होती. आमच्या भागात आजही बांधावर झाडाला झोळी बांधलेली दिसते आणि सहा-सात वर्षांची बहीण शाळा बुडवून तिला झोका देत बसलेली असते. दोनशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्तीला ही झोळी दिसली होती, असं मला ते वेळापत्रक वाचून वाटलं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलनं किंडरगार्टन हे नाव दिलं १८४० साली. पाउलीनाची संस्था त्याच्या अडतीस वर्षं आधीची.

बाकी कारभारात ती सौम्य होती असं समजू नका. शेतकऱ्यांची भूदासता, म्हणजे जमीनमालकाशी बांधलेलं असणं, तिनं उमरावांचा विरोध मोडून काढून रद्द केली, १ जानेवारी १८०९ पासून. वेठ आणि बंधनामुळे शेतकऱ्याची उमेद जाते, त्याला कर्जही कोणी देत नाही, हे तिचं म्हणणं होतं. मनोरुग्णांसाठी संस्था काढायला दारूवर कर बसवायचा, तर उमराव आणि शहरांच्या प्रतिनिधींची जुनी सभा आडवी आली. मग तिनं त्या सभेला बाजूला सारूनच राज्य केलं. ती संस्था १८११ मध्ये ब्राकच्या वाड्यात उभी राहिली. नवऱ्याचा आजार तिनं जवळून पाहिला होता. त्याचा आणि या हट्टाचा संबंध असणार, असं मला तरी वाटतं.

नेपोलियनच्या बाबतीत मात्र मी तिची बाजू पूर्ण घेऊ शकत नाही. शेजारची मोठी राज्यं लिप्पेला गिळतील या भीतीनं ती १८०७ मध्ये त्याच्या ऱ्हाईन महासंघात, म्हणजे त्याच्या छत्राखालच्या जर्मन राज्यांच्या संघात गेली, त्याला भेटायला पॅरिसलाही गेली. संस्थान वाचलं. पण त्याची किंमत म्हणून लिप्पेची तरुण पोरं टायरोल, स्पेन आणि रशियात लढायला गेली, आणि पुष्कळ जण परत आले नाहीत. नेपोलियनचा पडता काळ आला तरी तिचा त्याच्यावरचा विश्वास सुटला नाही. १८१३ मध्ये तो लाइपझिगला हरल्यावर विजयी फौजांनी लिप्पेला शत्रूचा मुलूख मानलं, हे त्याचंच फळ.

१८१९ मध्ये तिनं राज्यघटना जाहीर केली, तीत शेतकऱ्यांनाही प्रतिनिधित्व होतं. उमरावांनी थेट जर्मन महासंघाकडे, म्हणजे नेपोलियननंतर झालेल्या जर्मन राज्यांच्या संघाकडे तक्रार केली आणि घटना अडली ती अडलीच. लिप्पेला राज्यघटना मिळाली १८३६ साली, तिच्या मुलाच्या राज्यात.

शेवटची एक गोष्ट. लेमगो नावाचं गाव कर्जात बुडालं होतं आणि गावाला नगराध्यक्ष हवा होता. १८१८ मध्ये लोकांनी पाउलीनालाच गळ घातली, आणि संस्थानाचा कारभार पाहत असतानाच तिनं ते कामही पत्करलं. जुलै १८२० मध्ये राज्य मुलाच्या हाती दिलं. उरलेले दिवस लेमगोतच, लिप्पेहोफ नावाच्या वाड्यात काढायचे असं तिनं ठरवलं होतं. तिथे राहायला जाण्याआधीच, २९ डिसेंबरला, डेटमोल्डमध्ये ती गेली. एक्कावन्न वर्षांची होती. डेटमोल्डमध्ये तिच्या नावाची संस्था अजून आहे, आणि आजही ती लहान मुलांना सांभाळायचं काम करते.