नवीन कार्ड मूळ नियमच मोडायला लागली तर गेम तोच राहतो का?

तुम्ही विचारलंय की बऱ्याच दिवसांनी हर्थस्टोन हा ऑनलाइन कार्ड गेम उघडला तर समोरच्याचा डेक (म्हणजे त्यानं निवडलेला कार्डांचा संच) 30 ऐवजी 40 कार्डांचा, दुसऱ्या कुणाची हीरो पॉवर (कार्डाशिवाय दर टर्नला वापरता येणारी हीरोची खास ताकद) 2 ऐवजी 1 मॅनाला (मॅना म्हणजे चाल खेळायला खर्च होणारी ऊर्जा), मग नियम म्हणून उरलं काय. मी 2015 पासून खेळतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी पत्त्यांचंच बघा ना. मिरजेला मामाकडे आम्ही मेंढीकोट खेळायचो, कट हुकूम. ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही तो जे पान टाकेल तोच हुकूम, म्हणजे डाव चालू असताना मधेच नियम ठरतो आणि मग हुकमाची दुर्री दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला खाते. कुणीच म्हणत नाही की खेळ बिघडला, उलट मजा तिथंच आहे. पण मामा एका गोष्टीवर अडून बसायचे, पानं नीट पिसायची आणि दुसऱ्यानं काटायची. माझं मत तेच आहे, कार्डानं बाकी कुठलाही नियम वाकवू दे, पिसण्याला बगल दिली की गेम बिघडतो.

उदाहरण म्हणजे रेनो जॅक्सन, 2015 च्या शेवटी आलेलं कार्ड. एरवी डेकमध्ये एक कार्ड दोनदा ठेवता येतं, पण डेकमध्ये डबल काहीच नसेल तर रेनो तुमची हेल्थ पूर्ण भरून देतो. तेव्हा आम्ही विश्रामबागला रूम करून राहायचो, रात्री एक वाजता मोबाईलवर मॅच चालू, माझी हेल्थ 4 आणि समोर रोग (Rogue) नावाचा हीरो घेतलेला खेळाडू, पुढच्या टर्नला मी मरणार हे नक्की. रूममेट भडंग खाता खाता मागून बघत होता. सहाव्या टर्नला ड्रॉ केलं आणि रेनो आला, त्याला लागणारा 6 मॅना होताच, हेल्थ थेट 30. आम्ही दोघं एवढे ओरडलो की घरमालक काका वर आले. आता हे नियम मोडणंच झालं की, पण त्यासाठी मी चांगल्या कार्डांची दुसरी कॉपी सोडली होती आणि तो हातात येईलच याची काही गॅरंटी नव्हती. दहा वेळा आलाच नाही म्हणून हरलोय.

आता 2018 ची गेन आणि बाकू ही कार्ड बघा. डेकमध्ये सगळी सम किंमतीची कार्ड ठेवली की गेनमुळे हीरो पॉवर 1 मॅनाला, सगळी विषम ठेवली तर बाकूमुळे ती सुरुवातीपासूनच अपग्रेड, म्हणजे पॅलाडिन नावाचा हीरो दर वेळी एकाऐवजी दोन सैनिक काढणार. किंमत इथंही मोजावी लागते, निम्मी कार्ड सोडावी लागतात, पण ते कार्ड ड्रॉ करायलाच लागत नाही, मॅच सुरू झाली की फायदा चालू आणि प्रत्येक मॅच त्याच वळणानं जाते. मला तर तिसऱ्या टर्नलाच कंटाळा यायचा. शेवटी 2019 ला दोघांना ठरलेल्या वेळेच्या एक वर्ष आधीच स्टँडर्डमधून, म्हणजे फक्त अलीकडची कार्ड चालणाऱ्या प्रकारातून काढलं.

मॅजिक: द गॅदरिंग या दुसऱ्या कार्ड गेममध्ये 2020 च्या एप्रिलमध्ये कंपॅनियन नावाची कार्ड आली तेव्हा तर हे अजून स्पष्ट दिसलं. डेक बनवताना त्या कार्डाची अट पाळली की ते कार्ड डेकच्या बाहेर ठेवायचं आणि दर मॅचला हवं तेव्हा खेळायचं. व्हिंटेज फॉरमॅटमध्ये, म्हणजे जवळपास सगळी जुनी कार्ड चालणाऱ्या प्रकारात, एखादं कार्ड फार ताकदवान असेल तर सहसा बंदी घालत नाहीत, डेकमध्ये एकच ठेवा म्हणतात. पण लरस नावाच्या कंपॅनियनला मुळात एकच कॉपी लागते आणि तीसुद्धा डेकबाहेर, मग ती मर्यादा घालून उपयोग काय, सरळ बंदीच घालावी लागली. जूनमध्ये नियमच बदलला, कंपॅनियन हातात घ्यायला आधी 3 मॅना भरा.

मार्व्हल स्नॅप या तिसऱ्या कार्ड गेममधली मॅजिक (Magik, हे एका कार्डाचं नाव, वरचा गेम नव्हे) मात्र मला आवडते, सहा टर्नचा गेम सातवर नेते. पण आधी ती हातात यावी लागते आणि सातवा टर्न दोघांनाही मिळतो, समोरचा त्यावर डाव आखू शकतो.

राहिला तुम्हाला दिसलेला 40 कार्डांचा डेक. तो प्रिन्स रेनाथल या कार्डाचा, 2022 मध्ये आला तेव्हा कार्ड 40 आणि हेल्थपण 40. जास्तीची हेल्थ सुरुवातीलाच मिळते हे खरं, पण 40 कार्डांत तुमचं हुकमी कार्ड अजून खोल जातं, म्हणजे पिसण्याचं महत्त्व उलट वाढतं. त्यामुळे त्याला घाबरून गेम सोडू नका, मी अजूनही तोच डेक खेळतो.