राजवाडा बघायचाय, पण एका दिवसात

प्रश्न : रविवारी घरच्या सहा जणांना जुना राजवाडा बघून रात्रीपर्यंत नागपूरला परतायचं आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघे दुखतात. मुलगा दहा वर्षांचा. चंद्रपूर, छिंदवाड्याकडचं देवगड की रामटेकजवळचं नगरधन यावर घरात एकमत होईना. कुठे जावं?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : झुंबरं, गालिचे, सिंहासन अशी अपेक्षा असेल तर ती आधी सोडून द्या. तसा सजलेला राजवाडा या तिन्हींपैकी एकाही ठिकाणी नाही. चंद्रपूरच्या गोंड राजांच्या बालेकिल्ल्यात इंग्रजांनी तुरुंग केला, तिथे आजही कारागृहच आहे. देवगडच्या वाड्यांचे पडके अवशेष उरलेत. नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. तिथल्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, पण डोळ्यांना दिसतो तो किल्ला बऱ्याच नंतरचा. तेव्हा निवड करायची ती काय शिल्लक आहे आणि सोबतच्यांना किती चालवतं, यावरून.

तुमच्यासाठी चंद्रपूर. राजाचं घर आतून दिसणार नाही, पण त्याचं शहर जागेवर आहे : सुमारे ११ किलोमीटरचा परकोट (शहराभोवतीचा तट), जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, आणि मधे मधे लहान वाटा, ज्यांना तिथे ‘खिडकी’ म्हणतात.

जाम-वरोरा रस्त्याने अंतर सुमारे १५० किलोमीटर, तीन तास धरा. सकाळी सहाला निघालात तर चहा-नाश्ता करून साडेनऊला पोहोचाल. आधी अचलेश्वर दरवाजाजवळच्या गोंड राजांच्या समाध्या बघा. त्यात सर्वांत देखणी बिरशहाची, ती राणी हिराईने बांधून घेतली. सपाट जागा आहे, सासूबाईंना फारसा त्रास होणार नाही. इथे पूर्ण तास द्या. बहुतेक जण उलटं करतात, आधी महाकालीच्या दर्शनाला रांगेत उभे राहतात आणि समाध्यांशी येईतो बारा वाजतात. तोवर दगड तापलेला असतो, मग दोन फोटो काढून गाडीत. देऊळ शेवटी ठेवा. चैत्रात महाकालीची मोठी यात्रा भरते, त्या दिवसांत हा बेत आखूच नका.

जटपुरा दरवाजा भर बाजारात आहे आणि वाहतूक त्याच्यातूनच चालते. गाडी अलीकडे लावून पायी जा. दरवाजाच्या भिंतीवर हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरला आहे, ते गोंड राजांचं चिन्ह. मुलाला तेच चिन्ह बाकीच्या दरवाजांवर शोधायला सांगा, एरवी तासाभरात कंटाळेल. जेवण उरकून, वेळ असेल तर, बल्लारपूरला वर्धा नदीकाठचा किल्ला बघून या. तो १५-१६ किलोमीटरवर आहे. चारला परत फिरा. ‘जाता जाता ताडोबा’ हा मोह मात्र नको. एका सफारीत अर्धा दिवस जातो आणि आरक्षण आधीच करावं लागतं.

सहा माणसं म्हणजे सात आसनी गाडी. एकूण ३३० किलोमीटर धरले तर लिटरला १५ देणाऱ्या गाडीला २२ लिटर डिझेल.

देवगड तिघांत सर्वांत खरा. डोंगरावर नक्कारखाना, कचहरी, खजाना, बादल महाल, मोती टाकं, सगळं एकाच फेरीत दिसतं. नागपूर वसवणाऱ्या बख्त बुलंद शहाची गादी इथलीच, म्हणून नागपूरकराने एकदा तरी जावंच. पण चढ आहे, आणि तोच सासूबाईंना जड जाईल. वाट सावनेर-सौंसर-सिल्लेवानी घाट-उमरानाला अशी, घाटामुळे किलोमीटर कमी असूनही वेळ तितकाच लागतो. वर पिण्याचं पाणी मिळेल असं धरू नका, माणशी दोन लिटर न्या. पावसाळ्यात शेवाळ आणि गवत यांत पायऱ्या दिसत नाहीत; दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. भाड्याची पिवळ्या पाटीची गाडी असेल तर मध्य प्रदेशाचं परमिट आहे का, हे आदल्या दिवशीच विचारा. हे सीमेवर पोहोचल्यावर आठवलं तर तास हातचा जातो.

नगरधनला तासाभरात पोहोचता येतं. किल्ला बघून होतो लवकर, त्यामुळे रामटेक जोडा. पायऱ्या न चढताही गाडीने गडमंदिराजवळ जाता येतं. फक्त हातात खाऊची पिशवी नको, माकडं हिसकावतात.

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात राहूनही भोसल्यांचा राजवाडा कधी पाहिला नाही. आहे कुठे?
– एक वाचक, महाल

उत्तर : जुना राजवाडा १८६४ मध्ये आगीत गेला. तिथलं उरलेलं म्हणजे नगारखाना. रोज त्याच्या खालून जात असाल. भोसले घराण्याचा सध्याचा वाडा राहतं घर आहे, विचारल्याशिवाय आत शिरू नये. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे आणि लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट याच दिवशी उघडतो. ओळखपत्र जवळ ठेवा आणि सकाळीच जा, कारण १ मेला दुपारी किल्ल्याच्या उघड्या टेकडीवर उभं राहवत नाही.