सासऱ्यांना सांभाळताना

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेले सासरे संध्याकाळी 'घरी जायचंय' म्हणत चपला शोधायला लागले, की 'अहो, हेच आपलं घर' असं पटवत बसू नका. वादाने आवाज चढतो, मग हात उठतो. 'चहा घेऊन निघू' म्हणा, सोसायटीत एक चक्कर मारून आणा. अंधार पडायच्या आत दिवे लावा, बातम्यांचा कलकलाट बंद.

एक-दोन दिवसांत अचानक बिथरले, भास व्हायला लागले किंवा नुसतेच पेंगू लागले, तर 'आजार वाढला' म्हणून गप्प राहू नका. पुष्कळदा लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं नाहीतर नवीन गोळी निघते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी मनाने तर अजिबात नको. तोल जातो, खुबा मोडतो, आणि मग खरं दुखणं सुरू.

निघून गेले तर 'येतील' म्हणून थांबायचं नाही, लगेच ११२ वर पोलिसांना फोन. वॉचमन, कोपऱ्यावरचे रिक्षावाले यांना आधीच सांगून ठेवा. खिशात नंबराची चिठ्ठी, तुमच्या मोबाईलमध्ये ताजा फोटो. जुन्या वाड्याचा पत्ताही हाताशी असू द्या. कोथरूडहून निघालेला माणूस सदाशिव पेठेत सापडू शकतो.

रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद. आणि नणंदेला शनिवार-रविवार बोलवा हो, भिडेखातर राहू नका.