पित्ताची गोळी चार वर्षं चालू आहे, बंद करू का?

प्रश्न : माझं वय ५८. चार वर्षांपूर्वी चिकुनगुन्या झाला तेव्हा सांधेदुखीच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली. दुखायच्या गोळ्या दोन महिन्यांत थांबल्या, पित्ताची मात्र चालूच राहिली. मेडिकलमध्ये रिकामं पाकीट दाखवलं की नवीन मिळतं. पाकिटावर पॅन्टोप्राझोल ४० आणि डॉमपेरिडोन ३० लिहिलंय. सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर घेते. आठ वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. पूर्ण शाकाहारी आहे. मुलीच्या आग्रहाने गोळी दोनदा बंद केली, पण तिसऱ्याच दिवशी छातीत आग व्हायला लागली. अलीकडे तळपायांना मुंग्या येतात. काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुमच्या मुलीचं म्हणणं बरोबर आहे आणि तुम्हाला झालेली जळजळही खरी आहे. त्या जळजळीवरून ‘मला गोळीशिवाय जमणारच नाही’ असं मात्र ठरवू नका.

जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. पॅन्टोप्राझोल ते बंद पाडतं. आम्ल कमी पडतंय हे कळल्यावर शरीर ते वाढवण्याचा निरोप धाडत राहतं, आणि गोळी थांबली की साठलेला सगळा जोर एकदम बाहेर पडतो. २००९ साली डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसं घेऊन एक अभ्यास झाला. त्यांतल्या अर्ध्या लोकांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली. ती थांबवल्यावर त्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकरा असा त्रास झाला. आधी यांतल्या कुणालाच तो नव्हता. म्हणून गोळी एका दिवसात तोडायची नसते.

तुमच्या डॉक्टरांना भेटून आधी डॉमपेरिडोन काढता येईल का ते विचारा. ते मळमळ-उलटीवरचं औषध आहे. हृदयाचे ठोके बिघडण्याच्या धोक्यामुळे युरोपच्या औषध-नियामकांनी २०१४ मध्ये त्यावर मर्यादा घातली : दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम आणि तेही साधारण आठवडाभरच. तुम्ही तेवढंच रोज, चार वर्षं घेताय. मग नुसतं पॅन्टोप्राझोल २० दोन आठवडे रोज, पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड, आणि मग बंद, असा क्रम मी माझ्या पेशंटना देतो. मधल्या दिवसांत जळजळ झाली तर जेवणानंतर अँटासिडचं पातळ औषध दोन चमचे घ्या, पण इतर गोळ्यांपासून दोन तास लांब. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेही विचारूनच. खायचा सोडा रोज घेऊ नका, त्यातून पोटात बरंच सोडियम जातं.

जोवर गोळी चालू आहे तोवर तिची वेळ बदला. पंप सुरू होतात ते अन्न आल्यावर, आणि सुरू झालेल्या पंपांवरच ही गोळी चालते. म्हणून ती नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, साध्या पाण्याबरोबर, न चावता, न कुटता घ्यायची. नाश्त्यानंतर घेतलेल्या गोळीचा बराचसा गुण वाया जातो. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवून पाहा. उशांचा ढीग केला तर पोट दुमडतं, त्याने उलट त्रास वाढतो.

आता मुंग्या. मला सगळ्यात काळजी त्यांची वाटते. बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडलं तरी नसा बिघडून पायांना मुंग्या येतात. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं. पित्ताची गोळी आम्लच कमी करते, मेटफॉर्मिनही बी-१२ घटवतं आणि शाकाहारी जेवणात ते आधीच जेमतेम असतं. माझ्या आईचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हा दवाखान्याच्या डिस्चार्ज कागदावर अशीच एक गोळी होती. ती कधी थांबवायची हे कुणी लिहिलं नव्हतं आणि मीही सहा वर्षं विचारलं नाही. एक दिवस आई अंगणातून घरात आली, तेव्हा एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. चप्पल निसटलेली तिला कळलीच नव्हती. बी-१२ निघालं अवघं १३०, म्हणजे बरंच कमी. तेव्हापासून अशी गोळी लिहिताना तिच्यापुढे बंद करायची तारीख मी लाल पेनने लिहितो.

मधुमेहानेही मुंग्या येतात, आणि ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर मॅग्नेशियमही घटू शकतं, म्हणून बी-१२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि मॅग्नेशियम या तिन्ही तपासण्या करून घ्या.

तुमचं पत्र वाचून आणखी कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नये. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या) चालू असलेल्या अनेकांना, अल्सरमधून पूर्वी रक्त गेलेल्यांना, दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला इजा सापडलेल्यांना ही गोळी लागते, काहींना वर्षानुवर्षं. त्यांच्यासाठी ती उपकारकच आहे.

आपल्याकडे ‘पित्त’ या एका शब्दात तीन दुखणी कोंबलेली असतात. छातीतली जळजळ हे पित्त, अर्धं डोकं दुखून उलटी झाली की तेही पित्त आणि अंगावर गांधी उठल्या की तेही पित्तच. अर्धशिशीसाठी पाच-पाच वर्षं पॅन्टोप्राझोल घेणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. गोळी पहिल्या दुखण्याची आहे, बाकीच्या दोन्हींची नाही. तुम्हाला नक्की काय होतं ते डॉक्टरांना ‘पित्त’ हा शब्द न वापरता सांगा.

घास अडकणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, तेही सांगा) यांतलं काही असेल तर गोळी कमी करत बसू नका, लगेच दाखवा. आणि जिना चढताना छातीत जळजळलं, घाम आला, दुखणं जबड्यात किंवा हातात गेलं तर आधी ईसीजी. मधुमेहात हृदयाचं दुखणं पुष्कळदा पित्तासारखंच वाटतं.

बी-१२ चा आकडा आला की कळवा. इंजेक्शन घ्यायचं की गोळ्यांवर भागेल, ते त्यावर ठरेल.