'भाषांतर मशीन करतं' म्हणून तिचं जर्मन बंद करू नका

पत्राचा सारांश: मुलगी बारावीत, कला शाखा, अकरावीला ७४ टक्के. एकच विषय वेगवेगळ्या भाषांत सर्च करून, निकालांवरून संस्कृतींमधले फरक अभ्यासायचे, अशा क्षेत्राबद्दल वडिलांनी वाचलं. नवीन आहे, गर्दी कमी, म्हणून 'आम्ही तिला त्यातच घालायचं ठरवलंय'. मुलीने मात्र जर्मनच्या क्लासचा 'हट्ट' धरलाय. भाषांतर आता मशीन करतं, मग भाषेत दोन वर्षं कशाला घालवायची? त्यापेक्षा डेटा सायन्सची प्रवेश परीक्षा द्यायला लावू का?

नमस्कार,

७४ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती चार पानी पत्रात मुलीचं म्हणणं एका ओळीत उरकलंय याची, आणि तेही तक्रार म्हणून. 'घालायचं', 'लावू का', ही क्रियापदं तुमची आहेत. तिने आपणहून एकच गोष्ट मागितली, ती तुम्हाला हट्ट वाटली. गंमत अशी की तुम्ही निवडलेलं क्षेत्र नेमकं त्या हट्टावरच उभं आहे.

मशीनने शब्द दिला की काम झालं, हा तुमचा समज आधी दूर करू. 'प्रायव्हसी' घ्या. भाषांतर यंत्र जर्मनमध्ये 'प्रिवाटस्फेअर' देईल. शब्द चूक नाही. पण जर्मन माणसं कायदा, कंपन्या, पाळत यांवर वाद घालतात तेव्हा बराचसा मजकूर 'डाटेनशुट्झ', म्हणजे डेटा संरक्षण, या शब्दाखाली सापडतो. जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा १९७० साली हेसेन या जर्मन राज्यात झाला, आणि त्याच्या नावातच हा शब्द आहे. मशीनवर विसंबून तुम्ही फक्त पहिला शब्द शोधलात, तर 'जर्मनांना कायद्यापेक्षा घरगुती खासगीपणाची जास्त चिंता' असा निष्कर्ष काढून मोकळे व्हाल. त्यात संस्कृती कुठेच नाही, फक्त अपुरा शब्द आहे. जपानीत तर इंग्रजी शब्दच उसना घेतलाय आणि कायद्याची भाषा 'वैयक्तिक माहिती' अशी वेगळी आहे. कोणता शब्द कुठल्या वादात वापरतात हे भाषेत मुरलेल्यालाच कळतं. तिला जर्मन शिकू द्या.

जर्मनचा आणखी एक फायदा आहे. निकालातला फरक भाषेमुळे पडला की देशामुळे, हा इथला कायमचा घोळ. जर्मन एकाहून अधिक देशांत चालते: भाषा तीच ठेवून जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड असा फक्त देश बदलता येतो. गुगलच्या निकालपानाच्या वेब-पत्त्यात 'एचएल' हा भाग पडद्यावरची भाषा ठरवतो आणि 'जीएल' देश. दोन्ही एकदम बदलले तर फरकाचं कारण सांगता येत नाही. नवशिके हेच करतात.

ही पद्धत हवेतली नाही. ॲमस्टरडॅम विद्यापीठात रिचर्ड रॉजर्स यांच्या गटाने सर्च निकालांनाच अभ्याससामग्री मानून बरंच काम केलंय. विकिपीडियावरही त्यांनी हेच केलं. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सामधल्या १९९५ च्या हत्याकांडावरचे लेख ताडून पाहिले, तर डच शीर्षकात 'पाडाव', बोस्नियनमध्ये 'वंशसंहार' आणि सर्बियनमध्ये 'हत्याकांड' असे शब्द होते.

प्रवेश परीक्षा तिला द्यायची असेल तर देऊ दे. संख्याशास्त्र आणि थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) पुढे लागेलच. पण या क्षेत्राच्या नावाने नोकरी जाहिरातीत शोधू नका, मिळणार नाही. भाषाविज्ञान, समाजशास्त्र, माध्यम अभ्यास, माहितीशास्त्र यांतून माणसं इथे येतात आणि सर्चचा दर्जा तपासणं, लोकलायझेशन (ॲप, वेबसाइट स्थानिक भाषेत आणि वळणात आणणं), वापरकर्ता संशोधन अशा कामांना लागतात.

कोर्स ठरवण्याआधी तिला दोन आठवड्यांचं काम करू द्या. रोजच्या वापरातला एक विषय, तीन भाषा. एक तिची स्वतःची, बाकी दोन भाषांसाठी ती बोलणारी दोन-दोन माणसं गाठायची. 'हे शोधताना तुम्ही काय टाइप कराल?' एवढंच विचारायचं, आपला शब्द सुचवायचा नाही. मग ब्राउझरचं कोरं प्रोफाइल, लॉगिन नाही, एकाच दिवशी एकाच तासात प्रत्येक भाषेतले पहिले २० निकाल. क्रमांक, पत्ता, पान कुणाचं (सरकार, वृत्तपत्र, दुकान, व्यक्ती) आणि पान काय म्हणतं, असे चार रकाने. आठवड्याने पुन्हा तेच. एकूण १२० ओळी होतील. एकाच भाषेतले निकाल आठवड्यात जेवढे हलले, त्याहून भाषांमधला फरक मोठा नसेल तर सांगण्यासारखं काही हाती लागलेलं नाही. पानांचं वर्गीकरण मैत्रिणीकडून वेगळं करून घ्यायचं. दोघींचं जुळत नसेल तर रकान्यांच्या व्याख्या ढिल्या आहेत. 'इतके लाख निकाल' असा आकडा कुठे दिसला तर तो वापरूच नये. तो अंदाज असतो आणि वाटेल तसा बदलतो.

पहिल्या पानावर दुकानंच भरलेली दिसली तर 'ही संस्कृती बाजारू' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. वर येण्यासाठी कोण पैसे आणि मेहनत ओततं, हेही त्या पानावर दिसत असतं. शिवाय सगळीकडे गुगल नाही: कोरियनसाठी नेव्हर, रशियनसाठी यांडेक्स पाहिल्याशिवाय तिथला माणूस काय बघतो ते कळणार नाही.

एक शंका राहून राहून येते. चार पानं लिहिण्याइतका या विषयाचा नाद तुम्हालाच लागलाय. मग तुम्हीही तुमचा स्वतंत्र तक्ता करा, तिच्या तक्त्याला हात न लावता. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.