आधी माप घे

बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हायड्रॉलिक ब्रेक केवढ्याला, नऊ गिअरचा सेट केवढ्याला, पुढचं चाक धरणारा नवा फोर्क केवढ्याला, सगळ्याची बेरीज करून शेजारी नव्या सायकलीची किंमतही मांडलीस, आणि जुनीच सुधारू की नवी घेऊ, असं विचारलंस. आणि अगदी तळाशी, घाईघाईत, "बांभोरीहून परत येताना गुडघा दुखतो काका" एवढंच. अगं, सांगायची गोष्ट तीच होती!

आधी माप घे. सायकलीचं चाक बदलता येतं, हँडल बदलता येतं. फ्रेम तेवढी आहे तशीच राहते. तुझ्या सायकलीसारख्या स्वस्त गिअरवाल्या सायकली बहुतेक एकाच मापात येतात. सहा फुटी गड्याला तीच आणि तुलाही तीच.

मैत्रिणीला सायकल धरायला लाव आणि सीटवर बस. पायडल पार खाली ने, त्यावर टाच ठेव. गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना त्यात थोडा बाक उरतो, तेवढाच हवा. गुडघा जास्त वाकत असेल तर सीट वर घे. सीट जास्तीत जास्त किती वर घ्यायची, त्याची एक खूण सीटच्या दांड्यावर कोरलेली असते. ती बाहेर दिसायला लागली आणि तरी गुडघा वाकलेलाच, तर फ्रेम तुला लहान आहे. उलट, सायकल दोन पायांत घेऊन जमिनीवर उभी राहिल्यावर वरची नळी टेकत असेल तर मोठी. हे बघायला पैसे लागत नाहीत, पण ते सोडून सगळे पार्टचे भाव विचारत बसतात.

मी चिडून लिहितोय, कळतंय मला. आमच्या घरात एकच सायकल होती, वडिलांची, 24 इंची फ्रेमची. तिच्यावरूनच मी अमळनेरला कॉलेजला जायचो. सीट पार खाली केली तरी पायडल गाठायला कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टाकावी लागे. गुडघा दुखतो म्हटलं की जो तो सांगायचा, ऑइलिंग कर, मागच्या चाकाचं दातेरी फ्रीव्हील बदल, चेन बदल. कापूस वेचून आलेली मजुरी त्यात गेली. सायकल तुझ्या मापाची नाही, एवढं एकाही माणसाने सांगितलं नाही. जिना चढताना तो गुडघा आजही बोलतो. म्हणून मी प्रत्येकाला माप विचारतो. लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत.

माप बरोबर निघालं तर सायकल ठेव, आणि जे झिजलंय तेवढंच बदल. चाकांचे नि पायडलच्या एक्सलचे छर्रे काढून नवं ग्रीस भरून घे, छर्रे दाबून धरणारे कोन नीट आवळून घे, ब्रेकच्या वायरी नव्या टाक. चेन मोज: पहिल्या पिनेच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर 12 इंच भरली पाहिजे. एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच वाढली असेल तर चेनबरोबर फ्रीव्हीलही गेलं समज.

जाड गोट्यांचे टायर डांबरी रस्त्यावर नुसती ताकद खातात. ते झिजले की कमी नक्षीचे घे, पण टायरच्या बाजूला छापलेला आकडा जुळवूनच. 26 इंचीवर 559 असतो, 27.5 वर 584, आणि 29 नि 700 या दोन्हींवर 622. आपल्या जुन्या काळ्या 28 इंची सायकलीवर 635, म्हणून तो टायर 700 च्या रिमवर बसत नाही. बाभळीचे काटे आणि सराटे तुझ्या वाटेवर आहेतच, तेव्हा ट्यूब नि पंप पिशवीत ठेव.

नऊ गिअरचं मात्र डोक्यातून काढ. तुझ्या मागच्या चाकाला आटे पाडून फिरवलेलं फ्रीव्हील आहे. नऊ गिअरची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा जुडगा, तिथे बसत नाही. मग चाकाच्या मधला हब नवा, म्हणजे नवं चाकच. मग हँडलवरचा गिअर बदलायचा शिफ्टर, चेन सरकवणारा डिरेलर, चेन. एवढं सगळं करून हाती काय? तोरणमाळचा घाट चढायचाय म्हणतेस ना, मग दात मोज. पुढचं सर्वांत छोटं चक्र आणि मागचं सर्वांत मोठं, दोन्ही 28 दातांचे असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा. पुढचं 24 चं असेल तर आणखी हलकं. चढाला लागतो तो गिअर तुझ्याकडे आहेच.

आणि माप चुकलेलं निघालं तर? मग त्या सायकलीवर एक रुपयाही घालू नकोस. ग्रीसचासुद्धा नको. ज्याच्या मापाची असेल त्याला विकून टाक. नवी घेताना दुकानात जाऊन, बसून, टाच टेकवून घे; फोटो बघून घेऊ नकोस. साधा न हलणारा फोर्क असलेली घे, स्वस्त शॉकरने वजनच वाढतं. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आलाय, बिलावर तो नीट बघ.

पुढच्या पत्रात पार्टची यादी नको. टाच टेकवल्यावर गुडघा सरळ झाला का, आणि सीटच्या दांड्यावरची खूण आत राहिली का, एवढं दोन ओळींत कळव.

तुझा काका